पहिल्या सॉकेटमधला प्रोसेसर

कॉटवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर सतरा वस्तू होत्या. कॅबिनेट एक, मदरबोर्ड एक, प्रोसेसर दोन, त्यांच्यावर बसून त्यांची उष्णता काढून घेणारे पंख्यासकट हीटसिंक दोन, रॅमच्या पट्ट्या दोन, हार्ड डिस्क एक, सीडी ड्राइव्ह एक, फ्लॉपी ड्राइव्ह एक, ग्राफिक्स कार्ड एक, चपट्या केबल तीन, उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टची सिरिंज एक आणि स्क्रूंची पुडी एक. पुडीतले स्क्रू मी वेगळे मोजले. बावीस भरले, त्यांतल्या एकाचे आटे गेलेले होते. मॉनिटर आणि कीबोर्ड घरात आधीपासून होते, म्हणून ते धरले नाहीत.

"झालं मोजून?" रविराज म्हणाला. "का तलाठ्याला बोलवू पंचनाम्याला?"

"प्रोसेसर तीन घेतले म्हणाला होतास."

"तिसरा संभाजीचा. येता येता भिगवणला टाकून आलो. फोनवर सांगितलं की तुला."

सांगितलं होतं, हे खरं. संभाजी त्याचा मित्र. तिन्ही प्रोसेसर त्याने मुंबईला एकाच दुकानात, एकाच ट्रेमधून उचलले होते. आमच्यापुढचे दोन मी उलटे करून खिडकीपाशी धरले. पिनांच्या मधल्या चौकोनात छापलेला बॅच नंबर दोन्हींवर एकच होता. तिसऱ्यावरही तोच असणार. आकार, रंग, छपाई, कशातच फरक नव्हता.

रविराज माझा आतेभाऊ. इंदापूरला लग्नाच्या कॅसेटी तयार करून द्यायचं त्याचं दुकान होतं. नवरा-नवरीची नावं पडद्यावर सोनेरी अक्षरांत गोल फिरवायची, तर त्याच्या जुन्या कॉम्प्युटरला एका जोडप्यामागे अख्खी दुपार लागायची. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मला दोन प्रोसेसर एकच काम आपसांत कसं वाटून घेतात ते बघायचं होतं. एकट्याच्या बळावर असलं मशीन दोघांनाही झेपणारं नव्हतं, म्हणून ते भागीत करायचं ठरलं. पंधरवडाभर ते इंदापूरला राहणार, पंधरवडाभर बारामतीला.

अट एकच होती आणि ती माझ्या वडिलांची, तात्यांची. बाकी सगळं सामाईक चालेल, पण प्रोसेसर ज्याचा त्याचा.

"जोडीतलं एकेक जनावर ज्याचं त्याचं असावं," ते म्हणाले. "उद्या फाटलंच तर ज्यानं त्यानं आपलं दावं सोडून न्यायचं."

तात्यांचं खालच्या गाळ्यात मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. वडगाव निंबाळकरपासून सोमेश्वरनगरपर्यंतच्या विहिरींवरच्या मोटरी त्यांच्याकडे येतात. जमिनीवर सदोदित चार-पाच मोटरी उघड्या पडलेल्या, आणि कुणाचं बेअरिंग कुणात जाऊ नये म्हणून प्रत्येकीच्या भागांवर वेगवेगळ्या ऑइलपेंटचे ठिपके.

त्यांच्या अटीप्रमाणे बोर्डावरच्या पहिल्या सॉकेटमध्ये माझा प्रोसेसर बसला, दुसऱ्यात रविराजचा.

आम्ही काय करणार होतो ते आधी सांगते. हा प्रोसेसर विकला जातो ३६६ मेगाहर्ट्झचा म्हणून. तो बोर्डाच्या साडेपाच पट वेगाने चालतो, आणि बोर्डाचा वेग ६६ असतो. बोर्डाचा वेग १०० केला की प्रोसेसर ५५० वर जातो. मात्र प्रत्येकाला हे सोसत नाही. एकाच ट्रेमधला एक सोसतो, दुसरा तापतो आणि मशीन अडकून पडतं. कुठला सोसेल हे लावून पाहिल्याखेरीज कळत नाही. आणि बोर्डावर दोन असले, तर दोघांना एकच वेग मिळतो. म्हणजे जो कमजोर निघेल त्याच्या चालीने दुसऱ्यालाही चालावं लागतं.

शनिवारी दुपारी मशीन सुरू झालं. आधी रविराजने विंडोज ९८ टाकून पाहिलं. तात्या चहा घेऊन वर आले होते. पडद्याकडे बघत ते म्हणाले, "दोन बसवलं म्हंता आणि हितं तर येकच दिसतोय. दुसरा कुठं गेला?"

"ह्या विंडोजला एकच दिसतो, मामा. एनटी नावाची दुसरी विंडोज टाकली की दोन दिसतील."

"असं का," तात्या म्हणाले आणि बोर्डावरच्या दोन पंख्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

एनटी टाकल्यावर प्रत्येक प्रोसेसरच्या कामाचा एक, असे दोन आलेख दिसले. रविवारी सकाळी आम्ही ५५० लावून मूळ संख्या शोधणारा प्रोग्रॅम दोन्ही प्रोसेसरवर एकेक चालू केला. प्रोसेसरला इतकं राबवणारं दुसरं काम मला माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत एकही चूक नाही. बोर्डावर प्रत्येक सॉकेटखाली तापमान मोजणारा एक बारीक मणी आहे. त्याचा आकडा पडद्यावर येतो. पहिला ४४ अंश, दुसरा ४५.

रविराजने हात झटकले. "दोन्ही बैल सरळ चालले."

निघताना आम्ही एक नियम केला. दोघं हजर असल्याशिवाय हीटसिंक उतरवायचे नाहीत. त्याची क्लिप स्क्रूड्रायव्हरने जोर देऊन दाबावी लागते. हात सटकला तर बोर्डावरच्या बारीक रेघा कापल्या जातात. शिवाय पेस्ट आता सिरिंजच्या तळाशी थोडीशीच उरली होती.

त्या दिवशी दारातून बाहेर पडताना रविराज म्हणाला, "आई विचारत होती. काय सांगू?"

आत्याला मी सून म्हणून हवी होते. हे लहानपणापासून बोललं जायचं, पण ठमाबाई आत्याने दिवाळीत पहिल्यांदा सरळ विचारलं होतं आणि तात्यांनी ते माझ्यावर सोडलं होतं. "व्हय का न्हाय, तुझं तू ठरव. पण आत्याला तोंडावर सांगायचं. निरोप धाडायचा न्हाय," एवढंच त्यांचं म्हणणं. मी महिन्याची मुदत मागून घेतली होती.

"महिना संपू दे," मी रविराजला म्हटलं. पण माझं उत्तर ठरलं होतं, आणि ते 'हो' होतं.

सोमवारी क्लासला नवी बॅच सुरू झाली, मला मशीनला हात लावता आला नाही. मंगळवारी मी क्लासला असतानाच रविराज मित्राची जीप घेऊन आला आणि मशीन इंदापूरला घेऊन गेला.

त्याचा फोन शुक्रवारी आला.

"तुझा तापतोय," तो म्हणाला.

"माझा कशावरून?"

"पहिल्या सॉकेटात तुझाच नव्हं का? त्रेसष्ट दाखवतोय. दुसरा पंचेचाळीस. साडेपाचशेला वीस मिनिटं चालतं, मग अडकतंय. मी वेग खाली आणलाय."

"इथे तर दिवसभर चालला."

"ते मलाबी दिसलं की. पण हितं चालत न्हाय."

"हीटसिंक उतरवलास?"

तो थांबला. लाइन खराब होती, मागे कुणाच्या तरी लग्नातली सनई वाजत होती, हे सगळं धरूनही तो थांबला.

"न्हाई," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मला दोन गोष्टी खटकल्या. एक, तो थांबला होता. दुसरी, मशीन बिघडल्याचं सांगताना त्याचा पहिला शब्द 'तुझा' होता.

तरी मी ठरवलं, की मशीन समोर येईपर्यंत काही गृहीत धरायचं नाही. इंदापूरचा वीजदाब कमी असेल. जीपमध्ये आदळून काही हललं असेल. दुकानात धूळ गेली असेल. यांतलं काहीही असू शकत होतं.

पुढच्या आठवड्यात संभाजी भिगवणहून आमच्या क्लासवर आला. त्याचा तिथे टायपिंगचा वर्ग आहे. त्याला आमच्याकडची एक सीडी हवी होती. सीडीची प्रत निघेपर्यंत तो खुर्चीत झुलत बसला.

"तुमचं दोन बैलांचं कसं चाललंय?" त्याने विचारलं.

"बरं आहे. तुझं?"

"साडेपाचशे. लोण्यासारखा चालतोय. आधी चालत नव्हता बरं का. पाचशेच्या वर गेलं की मरायचा. मग रवी आला, घटकाभर बसला, आणि झाला चालू. काय हात फिरवला त्याचं त्याला माहीत."

"कधी आला होता?"

"मागच्या मंगळवारी. तुमचं मशीन घेऊन चालला होता ना जीपमधनं, तेव्हाच. मी म्हटलं, चहा घेऊन जा."

"मशीन जीपमध्येच होतं?"

"छे. जीप रस्त्यावर, पोरं हात लावत्यात. आत आणून ठेवलं, माझ्या टेबलाशेजारी." तो हसला. "का गं? काय चोरीला गेलं का?"

"नाही," मी म्हटलं.

सीडी त्याला दिली. पुढच्या तासाला मुलांना मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. मी एकच मांडणी परत परत करत होते. मंगळवारच्या आधी माझा प्रोसेसर चालत होता, संभाजीचा चालत नव्हता. मंगळवारी दोन्ही मशीन शेजारी होती, आणि रविराज दोन्हींच्या मध्ये बसला होता. मंगळवारनंतर संभाजीचा चालतो आणि माझा चालत नाही.

पंधरवडा संपल्यावर, शनिवारी, रविराजने मशीन एका ओळखीच्या टेम्पोतून पाठवून दिलं. सोबत निरोप होता, की उद्या आईला घेऊन येतो.

तात्यांनी आणि मी ते वर आणलं. मी आधी वीजदाब मोजला. तात्यांच्या मीटरवर २१८ व्होल्ट आला, त्यात काही वावगं नव्हतं. मग ५५० लावून प्रोग्रॅम चालू केला. पंधरा मिनिटांत पहिला ६३ वर गेला आणि थोड्या वेळाने पडदा गोठला. म्हणजे इंदापूरच्या विजेचा दोष नव्हता. दोष मशीनबरोबर परत आला होता.

बाजूचं झाकण काढलं. धूळ नावापुरती. पहिल्या हीटसिंकची क्लिप बोटाने हलवून पाहिली, घट्ट होती. म्हणजे आदळून सुटलेली नव्हती. मग टॉर्च धरला. पहिल्या सॉकेटच्या कडेला हिरव्या बोर्डावर एक ओरखडा होता. बसवताना कापसाच्या बोळ्याने आम्ही कडेची पेस्ट पुसून काढली होती, आणि आता क्लिपच्या टोकावर पांढरा डाग होता. दुसऱ्या हीटसिंकला यांतलं काही नव्हतं.

पहिला हीटसिंक कुणीतरी उतरवला होता.

तिथेच तो काढून बघावा असं हाताला वाटत होतं. पण मी एकटीने उघडलं असतं, तर उद्या त्याला म्हणायला जागा राहिली असती, की तूच उघडलंस. आणि उघडून मला दिसणार काय होतं? बॅच नंबर तिन्हींचा एक. तीन वस्तू हुबेहूब सारख्या असतील, तर त्यांची अदलाबदल झाली का, हे त्या वस्तूंकडे बघून सांगता येत नाही. माझ्याकडे संशयाला पुरेल एवढं होतं, पुराव्याला पुरेल एवढं नव्हतं. त्यावर मला आत्याच्या तोंडावर उत्तर द्यायचं होतं.

एका प्रोसेसरवरून माणूस ठरवायचा का, हे मी स्वतःला विचारलं. प्रोसेसरवरून नाही. 'न्हाई' म्हणण्याआधी जो थांबला, त्यावरून. माझी चांगली वस्तू काढून मित्राला देणारा आणि 'तुझा तापतोय' असं फोन करून कळवणारा माणूस पुढची चाळीस वर्षं मला काय काय कळवेल, असा तो विचार होता.

"तात्या," मी खाली जाऊन म्हटलं, "उद्या मी नाही म्हणणार आहे."

तात्या मोटरमध्ये तांब्याचे वेढे भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. "तुझ्या मनावर हाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "काय झालं ते मला सांगायचं असंल तर सांग. नसंल तर ऱ्हाऊ दे."

"उद्या सगळ्यांपुढे सांगते. त्याच्या माघारी नको."

"ह्ये ब्येस," तात्या म्हणाले आणि परत वेढ्यांना लागले.

रविवारी दहाच्या सुमारास दोघं आली. आत्याने नवं इरकल नेसलं होतं आणि हातात पेढ्यांचा पुडा होता. तो तिने टेबलावर ठेवला नाही, मांडीवर घेऊन बसली. रविराज कॅबिनेटपाशी उकिडवा बसला.

"काय म्हणतंय जनावर?"

"तसंच. त्रेसष्ट."

"मग आज उघडू. दोघंबी हाय."

"उघडायच्या आधी एक विचारते," मी म्हटलं. "हा पहिल्या सॉकेटमधला प्रोसेसर माझा आहे का?"

"म्हंजी?"

"इथून गेला तेव्हा चालत होता. तू भिगवणला थांबलास. संभाजीचा चालत नव्हता, तू हात लावल्यावर चालायला लागला. माझा चालत होता, तो थांबला. हीटसिंक काढलेला आहे. ओरखडा हा इथे, पेस्ट ही इथे. मी फोनवर विचारलं तर तू नाही म्हणालास."

आत्याने पुडा मांडीवरून उचलून छातीशी धरला. "दादा," ती तात्यांना म्हणाली, "ही माझ्या ल्येकाला चोर म्हंतीया व्हय?"

तात्या दारात उभे होते. हातातल्या फडक्याला ते बोटं पुसत होते.

रविराज माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, मोजून घ्यावं तसा. "संभाजीला मी व्होल्टेज वाढवून दिला," तो म्हणाला. "दोनवरनं दोन पॉइंट एक केला. त्याच्या मशीनचं झाकणसुदिक काढलं न्हाय. इचार त्याला."

"विचारीन. पण हीटसिंक कुणी काढला?"

"तेच मी तुला इचारणार हुतो."

"मला?"

"इंदापुरात झाकण काढलं तर ओरखडा दिसला. पेस्ट दिसली. मी म्हटलं, हिनं सोमवारी उघडलं. आपला चांगला घरात ठिवला आन मला दुसराच कुठला तरी घालून दिला. म्हणून तर फोनवर गप झालो. तू मला इचारतीस उतरवला का, आन मला वाटतंय ही मलाच वरनं इचारतीया. काय बोलणार?"

"मला दुसरा मिळणार कुठून?"

"ते मला काय माहीत? तुमच्या क्लासवर पुण्याची माणसं येत्यात."

"मग गेले दोन आठवडे तू काय समजत होतास मला?"

"तू मला समजत हुतीस तेच," रविराज म्हणाला.

आत्या उठली. "चल रं रव्या. दोनची एसटी हाय. हितं पाणीसुदिक घ्यायला नको."

"ठमे, बस खाली," तात्या म्हणाले. ते आत आले आणि कॅबिनेटच्या दुसऱ्या बाजूला बसले. "ह्यो हिचा हाय का न्हाय, येवढंच बगायचं हाय नव्हं? मग भांडता कशाला? उघडा की. त्याला खूण हाय."

मला आधी ते नीट कळलं नाही. "कसली खूण?"

"मी केलीया."

"तुम्ही?"

"सोमवारी. तू क्लासला गेली हुतीस." तात्या अगदी साधेपणाने सांगत होते, त्यात दडवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं. "आपल्या आबांची मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळायची असली, तर आबा आधी कानाला खूण करायचं. मग तो दुसरा सख्खा भाऊ का असंना. भावावर इस्वास न्हाय म्हणून न्हवं. उद्या भांडान झालं तर सोडवायला कायतरी पायजे म्हणून. आपल्या खाली बी तसंच हाय. ठिपका दिल्याबिगर कुणाचं बेअरिंग मी हातातनं सोडत न्हाय."

"कुठं दिलात ठिपका?" रविराजने विचारलं.

"त्याच्या टाळूवर. तुमी पंखा कसा बसवला ते मी बगितलंच हुतं. स्क्रूड्रायव्हर घातला, निघाला. येकदा सटाकला. वरलं पांढरं पुसलं, ठिपका दिला, वाळू दिला, हुतं तसं बसवलं."

खालून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. खिडकीची तावदानं थरथरली आणि थांबली.

मी स्क्रूड्रायव्हर रविराजच्या हातात दिला. त्याने क्लिप दाबली, मी हीटसिंक उचलला. प्रोसेसरच्या वरच्या चकचकीत पत्र्यावर, एका कोपऱ्याकडे, लाल ऑइलपेंटचा ठिपका होता. मसुरीच्या डाळीएवढा आणि चांगला फुगीर. हीटसिंकच्या तळाला त्याचा लाल वळसा उमटला होता. पेस्ट फक्त समोरच्या कडेला टेकल्याची खूण होती. बाकीचा तळ कोरडा.

"हिचाच हाय," आत्या वाकून बघत म्हणाली. "दिसतोय की ठिपका."

"हिचाच हाय," तात्या म्हणाले. "मग मिटलं."

"तात्या," मी म्हटलं, "ह्या ठिपक्यानंच तो तापलाय."

"इतकुशा?"

"हीटसिंक त्याच्यावर तिरका बसलाय. एका कडेला टेकतो, बाकी फट. आतली उष्णता वर जायला वाट नाही."

"बेअरिंगला देतो तसाच दिला मी."

"बेअरिंगला बाहेरून देता. ही बाजू टेकायची आहे."

तात्यांनी हीटसिंक हातात घेऊन उलटासुलटा केला, नखाने लाल वळसा खरवडून पाहिला. "मग पंधरा दीस ही दोघं येकमेकाला..." ते बोलता बोलता थांबले आणि आत्याकडे बघू लागले.

"व्हय," आत्या म्हणाली. "तुझ्या खुणंनं." ती परत बसली, पण पुडा तिने अजून सोडला नव्हता. "रोहिणे, तू म्हणालीस ते म्हणालीस. आता माझ्या ल्येकाकडं बघून बोल."

मी रविराजकडे बघितलं. "मला वाटलं, तू बदललास."

"मला वाटलं, तू बदललास," तो म्हणाला. "फरक येवढाच, तू तोंडावर म्हणालीस. मी म्हणालो नसतो. मनात धरून बसलो असतो जल्मभर." त्याने खिशातून दाढीचं पातं काढलं; कॅसेटच्या फिती कापायला ते त्याच्याकडे नेहमी असायचं, कागदात गुंडाळलेलं. पातं माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "खरवड."

"आरं, पर खूण गेली तर पुन्यांदा वळखायचा कसा?" तात्या म्हणाले. "कडंला तरी येक बारीक रेघ ठिवा."

"नको, मामा."

मी ठिपका खरवडला. रंग कडक वाळला होता, बराच वेळ गेला. मग कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पत्रा पुसला. तेवढ्यात रविराजने दुसरा हीटसिंकही उतरवला आणि आपला प्रोसेसर सॉकेटमधून काढून पुसायला घेतला. त्याची काही गरज नव्हती. तो ४५ वर व्यवस्थित चालत होता.

त्याने तो माझ्या पुसलेल्या प्रोसेसरशेजारी वर्तमानपत्रावर ठेवला. मग कागदावरच दोन्हींच्या जागा भराभर चार-सहा वेळा बदलल्या आणि कागद माझ्याकडे सारला. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "कुठलाबी लाव."

मी दोन्हींकडे पाहिलं. दोन्ही सारखेच चकचकीत होते. उलटे करून नंबर बघायचा काही उपयोग नव्हता. पत्र्यावर लाल रंगाचा एखादा कण राहिला असेल तर उजेडात धरून तो सापडला असता. मी उजेडात धरलं नाही. हाताशी होता तो पहिल्या सॉकेटमध्ये घातला, दुसरा दुसऱ्यात.

"आता ह्यातला हिचा कुठला?" आत्याने विचारलं.

"कुणाला ठाव," तात्या म्हणाले. त्यांना ते आवडलेलं नव्हतं. ते बोर्डाकडे एकटक बघत होते, आणि फडकं धरलेला त्यांचा हात खाली वर्कशॉपमधल्या रंगाच्या डब्याकडे जावा तसा एकदा हलला आणि परत गुडघ्यावर आला.

सिरिंजमधली उरलेली पेस्ट जेमतेम दोघांना पुरली. रविराजने क्लिप बसवल्या, मी झाकण न लावताच मशीन चालू केलं. बोर्डाचा वेग १००. दोन आलेख वर आले. मी दोन्हींवर प्रोग्रॅम लावला.

आत्या घड्याळाकडे बघत होती. "मग काय म्हंतीस, पोरी? दोनची गाडी गाठायची म्हंजी आमाला आत्ता निघायला पायजे."

"आत्या, हे सहा तास चालवायचंय," मी म्हटलं. "आज मुक्काम करा. सकाळच्या गाडीनं जा."

आत्या माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने पेढ्यांचा पुडा टेबलावर मॉनिटरशेजारी ठेवला आणि पदर खोचून माझ्या आईला हाक मारत स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी सात वाजता नोंद घेतली. खोलीतलं तापमान २७ अंश. दोन्ही प्रोसेसरचा वेग ५५० मेगाहर्ट्झ, व्होल्टेज दोन. चुका शून्य. पहिला प्रोसेसर ४४ अंश, दुसरा ४४ अंश.